जान्हवीतला ‘ह’ कुठे ठेवायचा?

गुहागर तालुक्यातून एका आईचं पत्र आलंय. मुलगी सात आठवड्यांची. बारशाला आत्याने बाळाच्या कानात ‘जान्हवी’ सांगितलं. पाळण्यामागच्या भिंतीवर सोनेरी कागदाची अक्षरंही तशीच लावली होती. सासरे निवृत्त संस्कृत शिक्षक. चष्मा लावून त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, “चूक आहे, जाह्नवी हवं.” तिथून जे सुरू झालं ते थांबलेलंच नाही. मिस्टरांना इंग्रजीत मधला ‘ए’ नको, कारण तसं दिसायला आधुनिक. त्यांच्या मित्राने अंकशास्त्रवाल्याला विचारून शेवटी ‘डबल ई’ करा असं कळवलं. चुलतसासूबाईंचं म्हणणं, नदीचं नाव मुलीला लावूच नये. आत्या आता म्हणते, नाव फारच ऐकीव झालंय, जिकडेतिकडे तेच. आणि पत्रलेखिकेची आई मालवणकडची, ती सरळ ‘जानवी’ म्हणते. जन्मदाखल्यात नाव अजून घातलेलं नाही. “भेटेल त्याला मी मत विचारलं आणि आता माझंच मत उरलेलं नाही. बरोबर कुठलं ते एकदा सांगा, नाहीतर नावच बदलून टाकते,” असं त्या लिहितात.

ताई,

नाव बदलू नका. तुमच्या पत्रात नाव आवडत नाही असं तुम्ही एकदाही लिहिलेलं नाही. भांडण नावावर नाहीच, एका ‘ह’च्या जागेवर आहे.

आधी सासऱ्यांचं. ते चुकलेले नाहीत. जह्नू ऋषींनी गंगा पिऊन टाकली आणि मग कानातून बाहेर सोडली, म्हणून ती त्यांची लेक, जाह्नवी. गीतेच्या दहाव्या अध्यायात प्रवाहांमध्ये मी जाह्नवी, असं भगवान म्हणतात, तिथे ‘ह’ आधी आणि ‘न’ नंतर आहे. संस्कृत म्हणून बघितलं तर विषय संपला.

पण मुलगी मराठी घरात जन्मली आहे, आणि मराठीने हा ‘ह’ फार पूर्वीच हलवलेला आहे. प्राकृतातच ह्न चा ण्ह झाला, वह्नीचा वण्ही झाला. मराठीने तीच वाट पुढे चालवली. चिह्नाचं चिन्ह, प्रह्लादाचा प्रल्हाद, आह्लादाचा आल्हाद. आज ‘चिह्न’ लिहिणारा मराठी माणूस शोधावा लागेल आणि ‘चिन्ह’ लिहिणाऱ्याला कुणी अशुद्ध म्हणत नाही. उलट ‘ब्राह्मण’ आपण संस्कृतासारखं लिहितो आणि बोलताना ‘ब्राम्हण’ म्हणतो. म्हणजे दोन्ही रीती चालू आहेत, आणि कुठल्या शब्दाला कुठली ते वापराने ठरलंय. जान्हवी मराठीत चिन्हाच्या रांगेत बसलेली आहे. सासऱ्यांना एवढंच विचारा, की शाळेत फळ्यावर ते चिन्ह कसं लिहायचे.

यामागे जिभेचंही कारण आहे. न्ह हा मराठीला एकच आवाज वाटतो, श्वास सोडत म्हटलेला न. म्हणून त्याने शब्द सुरू होऊ शकतो: न्हावी, न्हाणी. ह्न ने सुरू होणारा एक मराठी शब्द सांगा बघू. नाहीच. आणि तुमच्या किनाऱ्यावर तर न्ह पावलोपावली भेटतो. दापोली तालुक्यातली पन्हाळेकाजीची लेणी, राजापूरजवळचं उन्हाळे, चैत्रातलं कैरीचं पन्हं, कान्होजी आंग्रे. (त्या उन्हाळ्यालाच राजापूरची गंगा प्रकटते. गंगेचं नाव ठेवायला तुम्हाला उत्तरेत जायची गरज नाही.)

तेव्हा माझं मत विचाराल तर देवनागरीत ‘जान्हवी’ लिहा. ‘जाह्नवी’ चूक नाही, पण रोजच्या वापरात ते जास्त मोडतं, आणि मोडतं ते ठरावीक ठिकाणी. ह्न हे जोडाक्षर छपाईत आणि हस्ताक्षरात ह्र सारखं दिसतं, म्हणून पत्रिकेवर ‘जाह्रवी’ उमटते. टंकलेखक पाय मोडायला विसरला की ‘जाहनवी’ होते. आणि वाचणारा अडखळला की तो ‘ह’ गिळून टाकतो. न्ह मोडला तरी फार तर ‘न्’ आणि ‘ह’ सुटे दिसतात, नाव वाचता येतं.

सासऱ्यांसाठी एक जागा मात्र राखून ठेवा. जन्मपत्रिकेत, देवघरातल्या संकल्पात, त्यांच्या वहीत ‘जाह्नवी’ राहू दे. पत्रिका हा सरकारी कागद नव्हे, तिथे वेगळं लिहिल्याने काही अडत नाही. राशीच्या अक्षराचा प्रश्न कुणी काढलाच, तर उत्तराषाढाच्या तिसऱ्या चरणाचं अक्षर ‘जा’ आहे आणि दोन्ही रूपं ‘जा’नेच सुरू होतात.

तुमच्या आईचं ‘जानवी’. इथे जरा थांबू. मालवणीत श्वासाचे आवाज पातळ होतात, माझीची ‘माजी’ होते, उन्हाळ्याचा ‘उनाळो’. ‘माजी जानवी खंय आसा?’ असं आजी विचारत असेल तर तो अशुद्धपणा नाही, ती तिची बोली आहे. आजीला दुरुस्त करायला जाऊ नका. पण लिहिताना ‘जानवी’ अजिबात नको, आणि कारण अगदी घरगुती आहे: जानवं या शब्दाचं अनेकवचन जानवी. पूजेच्या सामानाच्या दुकानात “दोन जानवी द्या” म्हणतात ना, तेच. वर्गातल्या पोरांना हे सुचायला पहिलीचं अर्धं वर्षसुद्धा लागत नाही. तो ‘ह’ तुमच्या मुलीला चिडवण्यापासून वाचवणार आहे, तेव्हा त्याला लेखनात घट्ट धरा.

मुलीला स्वतःला शिकवताना आणि बालवाडीच्या बाईंना सांगताना लांबलचक समजावण्याची गरज नाही. ‘कान्हा’ म्हणायला सांगा. त्यातल्या न्हा चा काना काढा, मागे जा आणि पुढे वी लावा: जा-न्ह-वी. ‘जान’ म्हणून थांबून मग ‘हवी’ म्हटलं की बिघडलं. ‘जान हवी’ हा हिंदी सिनेमाचा संवाद होतो. घरी हाक मारताना शेवटचा वी लांबतोच, खळ्यातून माडाच्या बागेत हाक जाईल इतका, ते या नावाचं बळ आहे. जानू, जान्हू, जान्हवे ही रूपं तर येणारच, त्यांना परवानगी लागत नाही.

आता इंग्रजी. इथे तुमच्या पत्रातला एक समज मला खोडून काढायचा आहे, आणि तो फक्त तुमचा नाही. स्पेलिंग नीट निवडलं की सगळे नाव नीट उच्चारतील, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. रोमन लिपीत न्ह साठी अक्षरच नाही. इंग्रज या किनाऱ्यावर आले तेव्हा त्यांनी कान्होजींना ‘कोनाजी अँग्रिया’ करून टाकलं, ‘ह’ त्यांच्याही कानातून निसटला. हर्णैच्या सुवर्णदुर्गाचं ‘सेव्हर्नड्रूग’ केलं, आणि 1755 साली तो किल्ला जिंकल्याच्या आठवणीत लंडनमध्ये बांधलेला मनोरा आजही त्याच नावाने उभा आहे. आपण मात्र सुवर्णदुर्गच म्हणत राहिलो. उच्चार माणसांच्या तोंडातून पोचतो, स्पेलिंगमधून नाही. स्पेलिंगचं काम वेगळं: दहा कागदांवर एकच माणूस आहे हे सिद्ध करणं.

या कामाला जे-ए-एन-एच-ए-व्ही-आय सगळ्यांत बरं. मराठी माणसाच्या हाताला तेच वळण आहे. मोबाइलवर मराठी कळफलकात ही अक्षरं दाबली की ‘जान्हवी’ उमटते. कारकुनाने न विचारता लिहिलं तरी बहुधा हेच लिहील, आणि तुम्ही समोर नसताना लोक जे लिहितात तेच स्पेलिंग टिकतं. ‘ह’ आधी घेतलेलं जे-ए-एच-एन हे वळण तेलुगू आणि कन्नड घरांत चालतं. बंगाली आणि असमिया लोक तर शेवटी व च्या जागी ब लिहितात, जाह्नबी. मुलगी उद्या हैदराबादला गेली तर तिथे तिचं स्पेलिंग उलटं केलं जाण्याची शक्यता आहे, एवढं तिला सांगून ठेवलं की झालं.

मिस्टरांच्या मधला ‘ए’ गाळण्यात एक मुद्दा आहे. भराभर बोलताना न्ह नंतरचा अ फारसा ऐकू येत नाही. पण तो ‘ए’ गेला की एन, एच, व्ही ही तीन व्यंजनं एका ओळीत येतात. मराठी न जाणणारा माणूस तिथे अडकतो आणि ‘जानवी’ म्हणून मोकळा होतो. म्हणजे परत जानव्यापाशी आलो. शिवाय हे रूप नटीच्या नावामुळे लोकांच्या डोळ्यांसमोर आहे, आणि नट्यांची नावं पंधरा वर्षांनी कुठल्या पिढीची वाटतील ते कुणी सांगावं. ‘जा’साठी दोन ‘ए’ लावायचीही गरज नाही, भारतात कुणी ‘ज्यानवी’ वाचत नाही.

अंकशास्त्रावर वेळ घालवायचा माझा विचार नव्हता, पण बेरीज करून बघितली, कारण घरात वाद मिटवायला आकडा बरा पडतो. या लोकांच्या नेहमीच्या खाल्डियन पद्धतीत जे, ए आणि आय यांना 1, एन, एच आणि ई यांना 5, व्हीला 6. जान्हवीची बेरीज 20, म्हणजे 2. ‘ह’ आणि ‘न’ यांची अदलाबदल केली तरी अक्षरं तीच, बेरीज तीच. सासरे आणि तुम्ही इथे तरी एकमताचे आहात. शेवटचा आय काढून डबल ई घातलं तर 29, त्याचे 11, त्याचे परत 2. आणि त्याच पद्धतीची पुस्तकं 29 ला शुभ मानत नाहीत. मग मित्राने नेमकं काय सुधारलं? (मधला ‘ए’ गाळला तर 19 येतात आणि ते भाग्याचे समजतात. हे मिस्टरांना सांगू नका.)

चुलतसासूबाईंचा आक्षेप हवेतला नाही. नदीचं, झाडाचं, नक्षत्राचं नाव असलेली मुलगी वधू म्हणून करू नये, अशा अर्थाचा श्लोक मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. पण कोकणाने तो कधी मनावर घेतला? गोदावरी, यमुना, कृष्णा, नर्मदा ही नावं ज्यांच्या वंशावळीत नाहीत अशी घरं कमीच. मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी 1893 साली ज्या विधवेशी पुनर्विवाह केला, त्या देवरुखच्या गोदूबाईंचं नाव नदीचंच. चुलतसासूबाईंनी आपल्या माहेरच्या आज्यांची नावं आठवून बघावीत.

आत्याच्या ‘ऐकीव’बद्दल फार बोलायला नको. ऐकीव नाव लोकांना लिहिता येतं, हा फायदा लहान नाही. आणि कानात सांगून झाल्यावर आत्याने मत बदलायचं नसतं.

आता कागदपत्रं. इथे चुकलं तर वर्षानुवर्षं निस्तरावं लागतं, म्हणून सावकाश वाचा.

बाळाचं नाव नसताना जन्माची नोंद झाली असेल तर नोंदणीच्या तारखेपासून 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे घाई नाही. पण लांबवूही नका, कारण जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात 2023 साली सुधारणा झाली आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा झाला आहे. पूर्वी दाखल्यावर एक, शाळेत दुसरं असं चालून जायचं आणि दहावीच्या फॉर्मच्या वेळी जुळवाजुळव व्हायची. आता पुढचं सगळं या एका कागदावरून उतरवलं जाणार.

अर्ज कुठे करायचा, यात तुमच्यासारख्या घरांची हमखास फेरी फुकट जाते. नोंद जिथे जन्म झाला त्या हद्दीत असते, राहत्या गावात नाही. बाळंतपण चिपळूणच्या रुग्णालयात झालं असेल तर तिथल्या नगरपरिषदेत, माहेरी मालवणला झालं असेल तर तिकडे. गावच्या ग्रामपंचायतीत ती नोंद सापडणारच नाही. नाव न घातलेल्या दाखल्याची प्रत, दोघांच्या आधारच्या प्रती आणि विनंतीअर्ज घेऊन जा. आणखी काही लागतं का ते आधी फोन करून विचारलेलं बरं.

अर्जात नाव स्वतः लिहा, मराठीत आणि इंग्रजी मोठ्या अक्षरांत. ‘सांगते, तुम्ही लिहा’ असं करू नका. तोंडी सांगायची वेळ आलीच तर अक्षरागणिक सांगा: नागपूरचा एन, मग हर्णैचा एच. दाखला छापण्याआधी पडद्यावर दाखवायला सांगा आणि तीन गोष्टी बघा. न्ह जोडलेला आहे का? शेवटचा वी दीर्घ आहे का? इंग्रजीत एच आधी एन आहे का? एकदा दाखल्यावर चढलेलं नाव, कारकुनी चूक असेल तर पुरावे देऊन दुरुस्त होतं. पण आपलं मन बदललं म्हणून ते बदलायला गेलं की राजपत्रापर्यंतची वाट चालावी लागते.

एक गोष्ट तुमच्या स्वतःच्या नावाची. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर नावाचा क्रम आहे बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. म्हणजे मुलीच्या नावात तुमचंही स्पेलिंग कायमचं बसणार. तुमच्या आधारवर आणि पॅनवर ते एकसारखं आहे का ते आधी बघा. लग्नानंतर पहिलं नाव बदललं असेल आणि काही कागद जुन्या नावाचे असतील, तर कुठलं घालायचं ते नवरा-बायकोने अर्जाच्या खिडकीवर नव्हे, घरी बसून ठरवा. मुलीच्या एका ‘ह’वर इतके आठवडे चर्चा झाली आणि आईच्या नावाकडे कुणी बघितलंच नाही, असं होतं.

दाखला हातात आल्यावर बाल आधार काढाल. तिथे इंग्रजी नाव टाकलं की मराठी नाव संगणक आपोआप उमटवतो, आणि तो जान्हवीची ‘जनहवी’ करू शकतो. पावतीवर सही करण्याआधी पडदा वाचा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. तिच्या वाट्याच्या त्या दोन संधी पाच वर्षांच्या आत आपण संपवू नयेत.

मत विचारायची सवय लागली असेल तर आता प्रश्न बदला. ‘नाव कसं वाटतं?’ या प्रश्नाला प्रत्येकाकडे उत्तर असतं आणि त्याचा उपयोग काही नसतो. त्याऐवजी पाच जणांना फोन करा, शक्यतो नात्याबाहेरच्या: औषधाच्या दुकानातले, पोस्टमन, एखादा मुंबईचा मराठी न येणारा ओळखीचा. नाव एकदाच सांगा, दोन्ही लिपींत लिहून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायला सांगा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाच जणांना लिहिलेलं नाव पाठवा आणि बोलून ध्वनिमुद्रण मागवा. घरातल्यांसमोर हे दहा निकाल ठेवा. ‘ह’ कुठे निसटतो ते सगळ्यांना आपोआप दिसेल, आणि तुम्हाला कुणाची बाजू घेतल्यासारखं होणार नाही. हीच युक्ती ऋजुता, ज्ञानदा, मैत्रेयी अशी नावं मनात असलेल्या घरांनीही करून बघावी. ज्ञानदाच्या बाबतीत तर करावीच, कारण आपल्या ‘द्न्य’चं उत्तरेत ‘ग्य’ होतं आणि इंग्रजीत डी लिहायचा की जी, यावर घरंच्या घरं भांडतात.

सासऱ्यांशी बोलायला मात्र फोटो आणि बेरजा घेऊन जाऊ नका. मुलीला घेऊन जा. जाह्नवी हे मूळ रूप कुठून आलं ते तिला त्यांनीच पुढे शिकवावं, असं सांगा. आणि अर्ज सादर करण्याआधी तो त्यांच्याकडून एकदा तपासून घ्या. चाळीस वर्षं वह्या तपासलेला माणूस असेल, न्ह जोडलेला नसेल तर सगळ्यांत आधी त्यांच्याच नजरेला खुपेल.